जीप दोन इंच वर

माझ्या नवऱ्याची जीप दोन इंच वर घ्यायची असं मी ठरवलं, तेव्हा जॅक कुठे लावतात हेही मला माहीत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी आयुष्य काढलं ते विम्याच्या ऑफिसात, पंख्याखाली, खुर्चीत. गाडीच्या पोटाखाली काय असतं ते बघायची माझ्यावर कधी वेळ आली नाही, आणि हौस तर मुळीच नव्हती. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. माझ्या हट्टापुढे आमच्या घरात सगळे हात टेकतात.

जीप जुनी, पाट्यांची. पाटे म्हणजे एकावर एक रचून बांधलेल्या लोखंडी पट्ट्या, कमानीसारख्या वाकलेल्या. चार चाकांशी चार पाटे आणि गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. वर्षानुवर्षं ओझं वाहून आमच्या जीपचे पाटे चपटे झाले होते. दर रविवारी नवरा ती जीप घेऊन भाईंदरजवळच्या, समुद्राकाठच्या पालीला जायचा. तिथे त्याचा कॉलेजपासूनचा एक कोळी मित्र राहतो. मित्राच्या घरामागून दगडगोट्यांची एक वाट समुद्राकडे उतरते, आणि तिथे जीपचं पोट दर वेळी घासायचं. घासलं की याचा जीव कळवळायचा. मला ठेच लागल्यावर तो कधी तेवढा कळवळल्याचं आठवत नाही. शेवटी त्याने जास्त कमानीचे नवे पाटे आणि लांब शॉकॲब्सॉर्बर मागवले. दोनच इंच वर घ्यायची, उगाच माकडचाळे नाही करायचे, असं तो मला जेवताना समजावून सांगायचा. मी हं हं करत भाजी वाढायचे.

सामान घरी आलं आणि थोड्याच दिवसांत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

पाय हळूहळू आला. काठी घेऊन तो घरात फिरायला लागला, मग लिफ्टने खाली जाऊन कंपाउंडमध्ये फेऱ्या मारायला लागला. उजवा हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र येईना. भाईंदर पश्चिमेला एक बाई बोलण्याचे व्यायाम घेतात, त्यांच्याकडे मी त्याला न चुकता न्यायचे. बाई टेबलावर चित्रांची कार्डं मांडायच्या. कप. झाड. सफरचंद. हे काय आहे, काका? काका खिडकीबाहेर बघायचे. ज्या माणसाने बंद डोळ्यांनी कार्बोरेटर खोलून परत जोडला, त्याला तुम्ही कप ओळखायला सांगताय, असं माझ्या ओठावर यायचं. पण बाईंचाही इलाज नव्हता. एकदा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना जमेल हो. पण त्यांना बोलावंसंच वाटत नाहीये. तुम्ही त्यांचं सगळं न बोलता समजून घेता ना, ते बंद करा. बोलल्याशिवाय चालणारच नाही असं काहीतरी शोधा."

शोधा म्हणे. पाणी मागितल्याशिवाय द्यायचं नाही? चहासाठी तोंड उघडायला लावायचं? ते माझ्याने होईना. तो नजरेने नुसता टेबलाकडे बघायचा की मी उठून चष्मा आणून द्यायचे.

आणि मीही बदलले होते. आम्ही दोघं मुंबईत एकाच चाळीत लहानाचे मोठे झालो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. आणि भांडायचो तेही अरे-तुरेत, तारस्वरात, दारं उघडी टाकून. भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आल्यावर समोरच्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना? ठीक होतं. आमची ती बोलायची पद्धत होती. पण त्याच्या दुखण्यानंतर मी आवाज चढवायचा सोडून दिला. गोळी घेतोस ना? बरं वाटतंय ना? हळू हं, पाय सांभाळ. माझा मलाच कंटाळा यायचा, इतकी मी गोड झाले होते. तो "हं" म्हणायचा किंवा "नको" म्हणायचा. ते दोन शब्द त्याच्याकडे शिल्लक होते आणि त्यातला दुसराच जास्त वापरात होता.

मला दुसरं काही नको होतं. हात पूर्ण आला नसता तरी चाललं असतं. हा माणूस बोलायला हवा होता, एवढंच. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसलो की घरात फक्त फ्रिजचा आवाज यायचा, आणि तो मला असह्य व्हायचा.

त्या हिवाळ्यात गॅलरी झाडताना नव्या पाट्यांवर माझा अंगठा आपटला. कळ अशी मस्तकात गेली की मी तिथेच बसले. "हे आता विकून टाकू का?" मी विचारलं. आवाज अर्थातच गोड.

"नको," तो म्हणाला.

हे नेहमीचं नको नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून म्हटलं होतं. मग तो काठी टेकत गॅलरीत आला आणि पाट्यावरची धूळ बोटाने पुसली. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. जीपचं काम मला येत नाही. त्याला येतं, पण त्याच्या हाताने होणार नाही. म्हणजे काम माझ्या हातांनी आणि त्याच्या तोंडाने. दुसरा मार्गच नाही.

"मग आपणच बसवू," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू झटका त्याला नाही, मला आला होता.

पहिला अडथळा आला सोसायटीच्या सेक्रेटरीचा. पहिल्या मजल्यावरचे गुजराती काका, मनाने चांगले, पण नियमाचे पक्के. मी खाली पार्किंगमध्ये जुनी चटई अंथरतेय म्हटल्यावर ते चपला फरफटत आलेच. "भाभी, ये क्या? पार्किंग में गॅरेज नहीं खोलने का. कल को सब लोग खोलेगा."

"गॅरेज नहीं है काका, इलाज है," मी म्हणाले. "डॉक्टर ने बोला है." डॉक्टर असं काही बोलले नव्हते, पण बोलण्याच्या बाई म्हणजे अर्ध्या डॉक्टरच. काकांनी खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं आणि सकाळी लोक कामाला गेल्यावर सुरू करा, ते परत यायच्या आत आवरा, तेल सांडू नका, अशा अटी घालून ते गेले. शेजारच्या गोडदेवमधल्या हार्डवेअरवाल्याकडून मी पाने, गंज सोडवायचं तेल आणि ग्रीस आणलं होतंच, आता सांडलं तर टाकायला पोतंभर लाकडाचा भुसाही आणला.

नवऱ्याची प्लॅस्टिकची खुर्ची मी जीपसमोर सरकवली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. एवढं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले होते. त्या व्हिडिओंत सगळ्यांना बंगल्यापुढे ऐसपैस अंगण असतं आणि नट पहिल्या झटक्यात सुटतात. मी जॅक पुढच्या पाट्याखाली सरकवला आणि दांडा हलवायला लागले.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. तो काठीने गाडीच्या पोटाकडे काहीतरी दाखवत होता.

एरवी मी लगेच वाकून बघितलं असतं. त्या दिवशी बघितलं नाही. "काठी मला कळत नाही," मी म्हणाले. "तोंडाने सांग."

त्याने पुन्हा काठी आपटली. मी पुन्हा दांडा हलवला. जीप कुरकुरत वर यायला लागली, एका बाजूला कलत. गाडी घसरली तर काय, याची मला अजिबात कल्पना नव्हती. पण मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि दांडा सोडला नाही.

"च... चासी," तो म्हणाला.

मी थांबले. "काय?"

घशातून दगड काढावा तसा त्याने तो शब्द पुन्हा काढला. "चासी. चासीखाली."

मी जॅक उतरवला आणि गाडीच्या सांगाड्याच्या जाड लोखंडाखाली लावला. त्या दिवशी आम्ही फक्त गाडी वर घेतली, खाली घोड्या, म्हणजे गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड, लावल्या, एक चाक काढलं आणि सगळ्या नटांवर तेल सोडून घरी आलो. पण त्या दिवशीच्या कमाईत तीन शब्द होते: चासी, घोडी आणि गाढव. तिसरा मला उद्देशून.

मग कामाला लय आली. सकाळी त्याचा व्यायाम, नाश्ता, आणि आम्ही खाली. मी पंजाबी ड्रेसवर त्याचा जुना शर्ट चढवायचे, केसांना फडकं बांधायचे आणि चटईवर उताणी पडून गाडीखाली सरकायचे. येणारेजाणारे बघायचे. एकदा दोन बायका कुजबुजत गेल्या, बिचारी, नवऱ्याच्या दुखण्याने डोक्यावर परिणाम झालाय. झाला तर झाला. मी गाडीखालून ऐकत होते आणि नटाशी झटत होते.

पाना मागायची पद्धत आम्ही उलटी ठेवली होती. सामान माझ्या हाताशी, पण कुठला पाना घ्यायचा ते त्याने सांगायचं. पान्याच्या मापाचा आकडा त्याच्या तोंडात यायला वेळ लागायचा. सतरा म्हणायचं असलं की आधी सात यायचा, मग सत्तर, मग तो डोळे मिटून घ्यायचा. मी गाडीखाली पडून वाट बघायचे. पाठीला गारठा लागायचा, डोळ्यांत गंज पडायचा, पण मी पाना उचलायचे नाही. कधी कधी वाटायचं, काय छळतेय मी या आजारी माणसाला. मग "सतरा" असा आवाज यायचा आणि माझी पाठ दुखायची थांबायची.

गंजलेल्या बोल्टांनी मात्र जीव खाल्ला. जेसल पार्कला खाडीची हवा, लोखंडाला चाटून जाते. पाट्याच्या मागच्या टोकाचा एक बोल्ट तर असा बसला होता की पान्याला पाइप लावून मी लोंबकळले तरी हलेना. त्या बोल्टाला मी इतकं बोलले, त्याच्या आईबापांसकट, की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. वर्षभर साठलेलं सगळं त्या बोल्टावर निघालं. मागे वळून बघते तर नवरा खुर्चीत हसत होता. अर्ध्या चेहऱ्याने हसत होता, पण खांदे हलेपर्यंत.

"हसतोस काय?" मी म्हटलं. जरा कडकच म्हटलं. मग लगेच जीभ चावली आणि विचारलं, "पाणी हवंय का तुला?"

त्याचं हसू गेलं. "नको," तो म्हणाला आणि त्या दिवशी पुढे बोललाच नाही. माझं काय चुकलं ते तेव्हा मला कळलं नाही.

पाटा सुटल्यावर तो काढून नवा चढवायचा म्हणजे एकटीचं काम नव्हतं. म्हणून पालीचा मित्र आला, स्कूटरवर दोन लाकडी ठोकळे बांधून. होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्याखाली लावतात ते ठोकळे. "घोडीवर भरवसा न्हाय आपला," तो म्हणाला. "यो असू दे जोडीला." त्याने ठोकळे चासीखाली सरकवले, मग माझ्या नवऱ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "बोल. आता काय करायचा हाय?"

तोही माझ्यासारखाच पक्का निघाला. काय करायचंय ते त्याला चांगलं दिसत होतं, पण हा बोलेपर्यंत तो जागचा हलला नाही.

नव्या पाट्याच्या मधोमध एक बोल्टाचं डोकं असतं, ते खालच्या, दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या भोकात बरोबर बसावं लागतं. मी दांडी जॅकने वर घेत होते, मित्र पाटा धरून होता आणि खुर्चीतून हुकूम येत होते. पुढे. अजून. मागे. थांब. थांब म्हणतो ना. खट् असा आवाज आला आणि पाटा बसला. मित्राने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याने मोजलं नव्हतं आणि मीही नाही, पण "थांब म्हणतो ना" हे तीन शब्द एकाला एक लागून आले होते, मध्ये न अडखळता. आम्ही दोघांनी काही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो परत मिटला असता.

पाटा दांडीला धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळले, लांब शॉकॲब्सॉर्बर लावले. मग मी पाट्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट घेतले आणि पाइप लावून कचकचून आवळायला लागले. एकदाची ब्याद जाऊ दे, असं मला झालं होतं.

"आत्ता नको," खुर्चीतून आवाज आला. "चाकं... खाली टेकली की. मग आवळ. वजन येऊ दे. नाहीतर बुश फाटतात."

मी पाना धरून तशीच पडून राहिले. वर गाडीचं पोट होतं, चिखल वाळून धरलेला. मला ते नीट दिसेना. पाट्याच्या टोकात रबराचे बुश असतात, गाडी हवेत असताना बोल्ट आवळले तर ते पिळलेल्या स्थितीत धरले जातात आणि गाडी खाली आली की फाटतात, हे सगळं त्याने मला सांगितलं होतं. सबंध कारण सांगितलं होतं, वर्षभरानंतर. मी गाडीखालून लवकर बाहेर आले नाही. डोळ्यांत गंज गेला, असं सांगितलं.

अशीच चारही चाकं झाली. मधे एकदा घरी माझ्या पाठीत उसण भरली आणि काम थांबलं, तर तोच सकाळी शर्ट हातात घेऊन माझ्या पलंगाशी उभा राहिला. "चल," म्हणाला. मी उसणीसकट गेले.

शेवटचं चाक लावून आम्ही जीप जमिनीवर टेकवली. बोल्ट वजनावर आवळले, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते चाक वळवून बघितलं, दिव्यांचा झोत खाली घेतला. जीप चालवायला त्यानेच मला कधीकाळी शिकवलं होतं, तेवढ्यावर मी ती घेऊन आवाराला दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबून बघितले, पुन्हा सगळे नट तपासले. जीप उभी राहिली ती ऐटीत. दोनच इंच, पण उन्हात उभी केल्यावर अशी दिसत होती की मला माझाच हेवा वाटला. पुढचा रविवार ठरला. मी मित्राला फोन केला, त्याच्या बायकोने बोंबील तळायचे कबूल केलं.

रविवारी सकाळी नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेर निघायचं म्हणून इस्त्री, हे किती दिवसांनी. आम्ही खाली गेलो. मी जीपच्या डाव्या बाजूला त्याला नेलं, आणि त्याने आतला दांडा डाव्या हाताने धरला.

मग त्याने डावा पाय उचलला आणि आत टेकवला. आता सगळा भार उजव्या पायावर. उजवा पाय लटपटला आणि तो परत खाली आला. मी काखेत हात घातला. पुन्हा. पुन्हा तेच. मग त्याने उजवा पाय आधी टाकून बघितला, तर तो तेवढा वर उचललाच जाईना. जीपच्या काठाला बूट अडकला, काठाच्या जेमतेम खाली. दोन इंच खाली म्हणा.

मी जीपकडे बघितलं. या दोन हातांनी, हाडं मोडून, मी ती वर घेतली होती. नुकत्याच चालायला लागलेल्या माणसासाठी मी गाडी उंच करून ठेवली होती, आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं की त्याला तिच्यात चढायचंय. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात सेक्रेटरी काका वॉचमनला घेऊन धावत आले. "टेन्शन नहीं भाभी. दो आदमी पकडेंगे, ऐसे उठा के रख देंगे अंकल को."

"मला उचलायचं नाही," नवरा म्हणाला. स्वच्छ. वॉचमन जागच्या जागी थांबला.

मी त्याच्याकडे वळले. "तुला कळलं नव्हतं? सूत न् सूत तुझ्या डोक्यात असतं. गाडी वर गेली की तुझा पाय पुरणार नाही, एवढं तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"कधी?"

"पहिल्या... दिवशी."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडले. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्यावर, बेंबीच्या देठापासून. "मी तिथे गंज खातेय, पाठ मोडून घेतेय, लोक मला वेडी म्हणतायत, आणि तू खुर्चीत बसून मजा बघतोयस? एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"बोललो असतो तर... तू थांबली असतीस."

"थांबलेच असते. मग?"

"मग मी दिवसभर काय करायचं?" तोही ओरडला. "घरात? तू... तू नर्ससारखी बोलतेस. गोळी घे. पाणी घे. हळू हं. वर्षभर. मी मेलोय का?"

मी गप्प राहिले असते तर ती मी नव्हे. "नर्स? तुझं हगणंमुतणं काढलं मी, त्याला नर्स म्हणतोस?"

"म्हणतो. आणि मागचा यू-बोल्ट... तिरका आवळलायस. मी तेव्हा बोललो नाही."

"तिरका नाहीये तो."

"तिरका आहे. बघ जाऊन."

वरच्या खिडक्या उघडल्या. समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या. काका मध्ये पडले, "भाभी, बस करो, अंकल बीमार है." मी त्यांना म्हटलं, "कौन बीमार? इनकी ज़बान देखो." आणि ते बोलता बोलताच मला ऐकू आलं, मी आत्ता काय म्हणाले ते. समोरचा माणूस लालबुंद झाला होता, काठी हवेत नाचवत होता, शब्द अडत होते, उलटसुलट पडत होते, पण येत होते. तो भांडत होता. माझ्याशी, नेहमीसारखा. मला इतका आनंद झाला आणि इतका संताप होता की काय करावं ते कळेना, म्हणून मी जाऊन तो बोल्ट बघितला. जरासा तिरका होता. मी तिथल्या तिथे सोडवून सरळ आवळला.

बाहेर आले तेव्हा तो लॉबीकडे बघत होता. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून बिल्डिंगची लॉबी उंचावर आहे, बाजूने तीन पायऱ्या आणि समोर सरळ ओटा.

"ओटा," तो म्हणाला.

"ओट्याचं काय?"

"गाडी ओट्याला लाव. डावी बाजू. मी... वरून येतो. चालत."

काकांनी ओट्याजवळची स्कूटर हलवली. मी जीप आवारात वळवून ओट्याला समांतर आणली आणि आरशात बघत इंचाइंचाने आत घेत गेले. तो पायऱ्या चढून ओट्याच्या काठावर उभा होता आणि हात हलवत होता. अजून. अजून. सरळ कर. बस. मी दोनदा पुढे जाऊन परत मागे आले, कारण मधे बोटभर फट राहिली तरी त्याचा बूट अडकला असता. मग त्याने डाव्या हाताने दांडा धरला, ओट्यावरून पाऊल सरळ जीपमध्ये टाकलं, वळला आणि सीटवर बसला. कुणी त्याला हात लावला नाही. काठी दोन पायांत उभी धरून तो समोर बघायला लागला, जणू काही झालंच नव्हतं.

फाटकातून बाहेर पडताना मी क्लच जरा झटक्यात सोडला. जीप उडालीच.

"हळू... सोड," तो म्हणाला.

"कळतंय मला."

"आरसा बघ."

"बघितला."

"डावीकडे रिक्षा. हॉर्न दे. अगं दे ना. आता दुसरा गिअर टाक. ऐक, इंजिन... ओरडतंय बघ. दुसरा मागतंय. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. तुला केव्हापासून सांगतोय..."

वर्षभर मी या माणसाच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. बाईंना, डॉक्टरांना, आणि ज्याच्याकडे कधी काही मागितलं नाही त्या देवालाही एकच मागितलं होतं.

"जरा गप्प बस की रे," मी म्हणाले.

पाली येईपर्यंत तो गप्प बसला नाही.